जिरायत देश

बायबलमधला पाऊस कोकणातला नाही. तो आमच्याकडचा आहे, पर्जन्यछायेतला. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या बायबलवर्गात, हे कुणी शिकवलं नव्हतं. पुढे कधीतरी नकाशा आणि पावसाचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बसले तेव्हा ध्यानात आलं. जेरुसलेमला वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या नगर जिल्ह्याची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, सरासरीही पाचशे ते सहाशेच्या दरम्यानच आहे. भूमध्य समुद्रावरून निघालेले ढग पश्चिमेच्या बाजूने यहूदियाच्या डोंगरांवर चढतात आणि माथ्यावर रिकामे होतात. पलीकडच्या उतारावर थोड्याच अंतरावर ओसाड रान सुरू होतं; यरीहोपर्यंत पोचायला त्यांच्याजवळ फारसं काही उरत नाही. सह्याद्री आमच्याशी हेच करतो. अकोले तालुक्यातल्या घाटघरला लोक जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, तिथे हजारो मिलिमीटर कोसळतो. आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, पाथर्डी-शेवगावकडे, आषाढ कोरडा जातो तेव्हा माणसं डोळ्यांवर हात धरून आभाळ बघत उभी असतात.

मी त्या पूर्वेकडची. त्यामुळे स्तोत्रकर्ता म्हणतो की शुष्क, तहानलेल्या, निर्जल भूमीसारखा माझा जीव तुझ्यासाठी तळमळतो, तेव्हा मला त्यातली उपमा उलगडून घ्यावी लागली नाही. मे महिन्यात आमच्या काळ्या रानाला ज्या भेगा पडतात त्यांत लहान मुलाचा हात कोपरापर्यंत जातो.

मोशेचं एक भाषण आहे, बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, अकराव्या अध्यायात. मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामीतून सुटून चाळीस वर्षं रानात काढलेली इस्राएली माणसं यार्देन नदीच्या अलीकडे थांबली आहेत आणि मोशे त्यांना पुढच्या देशाची माहिती सांगतो आहे. तो म्हणतो, तुम्ही जिथून निघालात त्या मिसरासारखा हा देश नाही. तिथे तुम्ही बी पेरत होता आणि भाजीच्या मळ्याला द्यावं तसं पायाने पाणी देत होता. आता जिथे चाललात तो डोंगरांचा आणि खोऱ्यांचा देश आहे, तो आकाशातला पाऊस पितो.

पायाने पाणी देणं काय असतं हे ज्याने उसाला रात्रपाळीची दारं धरली आहेत त्याला सांगावं लागत नाही. टाचेने चिखल ओढायचा, एक सारा बंद करायचा, दुसऱ्याचं तोंड मोकळं करायचं. नील नदीच्या पाण्यावर मिसर असाच पिकत होता. मिसर बागायत होता. आणि देवाने ज्या देशाचं वचन दिलं, तो जिरायत.

आमच्याकडचा कुठलाही शेतकरी इथे थबकेल. बागायत सोडून जिरायत कोण मागेल? प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, त्याच्या कालव्यांनी श्रीरामपूर-राहात्याकडचा भाग उसाचा केला आणि एकाच जिल्ह्याचे दोन देश झाले. सोयरीक जमवताना अजूनही आधी विचारतात की रान पाटाखाली आहे का, विहिरीला पाणी किती महिने टिकतं. जिरायतीत मुलगी द्यायला आईबापांचा जीव खालीवर होतो. आणि मोशे मात्र हे सगळं लपवत नाही, उलट देणगी म्हणून सांगतो. दूधमधाचा देश, असं आधी म्हणून झाल्यावर लगेच सांगतो की तिथे पाट नाहीत.

त्यामागचं कारण मला फार उशिरा उमगलं आणि तेव्हापासून हा अध्याय माझ्याजवळ राहिला आहे. मिसरात पाणी खात्रीचं होतं, पण ज्यांनी ते पायाने दिलं ते तिथे गुलाम होते. जिथे पाण्याच्या तोंडाशी माणूस बसलेला असतो, तिथे त्या माणसाचं राज्य चालतं. पाटकऱ्याची मर्जी, पुढाऱ्याची मर्जी, मिसराच्या राजाची, फारोची मर्जी. जिरायत रान आणि आभाळ यांच्यामध्ये कुणी बसू शकत नाही. मान वर करून राहावं लागतं, ते खरंच. पण मोशे त्या ओघातच एक वाक्य असं बोलतो की त्या वर केलेल्या मानेचा अर्थ बदलून जातो: या देशावर वर्षाच्या आरंभापासून अखेरपर्यंत परमेश्वराची दृष्टी असते. म्हणजे शेतकरी वर बघतो आहे तेव्हा वरूनही कुणीतरी त्याच्या रानाकडे बघतं आहे. कृपा म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी आधी हे सांगेन. ती साठवून ताब्यात ठेवता येत नाही, तिच्यावर कुणाची वारस नोंद होत नाही, आणि ती ज्याच्याकडून येते त्याची नजर कधी दुसरीकडे वळत नाही.

पावसाची वाट बघणं हे नुसतं बसून राहणं नसतं, हेही शहरात आल्यावर मला लोकांना सांगावं लागलं. पाऊस येण्याआधी कितीतरी कामं असतात. नांगरट, काडीकचरा वेचणं, कुळवाच्या पाळ्या, बी निवडून ठेवणं. आमच्या घरात येशूचं नाव होतं, तसं मृगाचंही नाव होतं. पेरणी नक्षत्रं बघूनच व्हायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मृगावर बाजरी, आणि पुढे हस्ताच्या आगेमागे, परतीच्या पावसाच्या ओलीवर ज्वारी. एक पाऊस गेला तर एक पीक गेलं. याकोबाच्या पत्रात लिहिलंय की शेतकरी भूमीच्या मोलवान पिकाची वाट पाहतो, पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत धीर धरतो. मराठी पवित्र शास्त्रात या पावसांना आगोटीचा आणि वळवाचा म्हटलंय. त्यांचे महिने आमच्यासारखे नाहीत; तिकडे पहिला पाऊस दिवाळीच्या सुमारास येतो आणि शेवटचा वसंतात, पीक निसवायच्या वेळी. पण दोन पावसांवर टांगलेलं वर्ष म्हणजे काय, ते आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यांनाही कळायचं. पहिल्याने उगवतं, दुसऱ्याने दाणा भरतो. विश्वासातही माणसं पहिल्या पावसाच्या गोष्टी फार सांगतात, त्या दिवशी मी कसा बदललो, काय अनुभवलं. दाणा भरण्याच्या पावसाबद्दल कमी बोललं जातं. उगवून आलेलं किती तरी रान ऑक्टोबरात उभ्या उभ्या वाळतं.

ज्यांच्याकडे पाऊस भरपूर, त्यांच्या भक्तीची चाल वेगळी असते आणि तीही मला आवडते. गोव्यात २४ जूनला सांजांव असतो, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा सण. तरुण मुलं फुलापानांची कोपेलं डोक्यावर घालून गावातल्या भरल्या विहिरींत उड्या मारतात. मरिया भेटायला आली तेव्हा अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने, म्हणजे याच योहानाने, आनंदाने उडी मारली, असं लूक सांगतो. ती उडी हे लोक पावसाळ्याच्या तोंडाशी, काठोकाठ येऊ लागलेल्या पाण्यात मारतात. जूनच्या शेवटी आमच्या विहिरीत उडी मारली असती तर खडकच लागला असता. त्यांनी कृपा तुडुंब पाहिली, आम्ही ती क्षितिजावर पाहिली.

विहिरीचा विषय निघाला आहे तर आता आजीचं सांगते, कारण या सगळ्या लेखाचं मूळ तिच्यात आहे.

नगर जिल्ह्यातल्या बहुतेक ख्रिस्ती घराण्यांसारखंच आमचं घराणंही महारवाड्यातून आलेलं. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरात आलं आणि पुढच्या काही पिढ्यांत, विशेषतः दुष्काळाच्या वर्षांमध्ये, गावकुसाबाहेरची वस्तीच्या वस्ती मंडळीत आली. पोटासाठी आली असं हिणवलं गेलं. भुकेल्या माणसाला भाकरी देणाऱ्याचा देव बघावासा वाटला यात कमीपणा कसला, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. पण बाप्तिस्मा झाल्याने गावची विहीर उघडली नाही. आजी सांगायची, आम्ही येशूचे झालो तरी पाणवठ्याला आम्ही तेच होतो. घागर घेऊन लांब बसायचं. कुणी सवर्ण बाई येईल, तिला दया येईल, तिला वेळ असेल, मग ती वरून धार धरील. कधी अर्धा दिवस जायचा. कधी धार अर्ध्यातच थांबायची आणि बोलणी खाऊन परत यावं लागायचं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आमच्या गावच्या विहिरीपर्यंत ती ओंजळ पोचायला त्यानंतरही खूप वर्षं लागली.

आणि मग पाऊस यायचा. वळवाचा पहिला पाऊस आला की आजी घरातलं प्रत्येक भांडं अंगणात मांडायची. घागर, परात, पातेलं, तवासुद्धा. पागोळ्यांखाली मोठी भांडी, उघड्यावर लहान. पाहिजे तेवढं पाणी, कुणाची वाट न बघता. ती म्हणायची, "हे पाणी कुनी वाढलं न्हाई. हे त्यानं स्वतः वाढलं."

मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं ते वचन सगळ्यांना ठाऊक असतं: तो आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर उगवतो, नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो. उपदेशांमध्ये ते बहुतेक वेळा देवाच्या उदारपणाविषयीचं एक छान वाक्य म्हणून येतं आणि पुढे निघून जातं. ज्या माणसाला आयुष्यभर पाणी दुसऱ्याच्या हातून, वरून, अंतर राखून मिळालं, त्याच्या कानाला मात्र ते वेगळंच ऐकू येतं. गावातल्या प्रत्येक पाण्याला मालक होता, जात होती, वेळ होती. पाटलाची विहीर, देवळाचं कुंड, नदीवरचा वरचा घाट आणि खालचा घाट. विटाळ न होणारं पाणी एकच होतं. पाटलाच्या वाड्यावर आणि महारवाड्याच्या कुडांवर एकाच सरीने पडणारं. त्याला कुणी घाट बांधू शकलं नाही. येशूने देवाच्या प्रेमाचं रूप सांगायला विहीर घेतली नाही, तळं घेतलं नाही, जे अडवता येत नाही ते पाणी घेतलं. आजीला ग्रीक येत नव्हतं, मराठी वाचायलासुद्धा ती प्रौढ वयात पाळकीणबाईंकडून अक्षर अक्षर लावून शिकली, पण हे वचन तिच्याइतकं पक्कं समजलेली व्यक्ती मी नंतर धर्मशास्त्राच्या पदव्यांमध्येही पाहिली नाही.

शोमरोनी बाईची गोष्टही विहिरीवरचीच आहे. शोमरोनी लोकांशी यहूदी व्यवहार ठेवत नसत. सुखारजवळ याकोबाची विहीर, भर दुपार, एकटी बाई आणि पाणी मागणारा यहूदी. ती लगेच विचारते, तुम्ही यहूदी असून माझ्याकडे, शोमरोनी बाईकडे, पाणी कसं मागता? आमच्या आजीने हा प्रश्न मनातल्या मनात हजारदा ऐकलेला. त्यातलं तिचं आवडतं काय होतं तर येशू तिच्या हातचं पाणी मागतो. जे पाणी तो नंतर देऊ करतो त्याच्याही आधी.

पंडिता रमाबाईंचं केडगावही पर्जन्यछायेतच आहे, दौंड तालुक्यात. रमाबाईंनी दुष्काळ पुस्तकात वाचला नव्हता. १८७०च्या दशकात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली, उपाशी, भटकत. त्या तेव्हा किशोरवयात होत्या. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन त्यांनी तीनशेच्या आसपास मुली आणि बायका वाचवून आणल्या, आणि केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. १९०५च्या जानेवारीत तिथे काही बायका रोज एकत्र प्रार्थनेला बसू लागल्या. त्याच जूनच्या अखेरीला, म्हणजे पुण्याकडे पाऊस नुकता लागलेला असावा अशा दिवसांत, ज्याला ख्रिस्ती इतिहासात मुक्तीची जागृती म्हणतात ती विश्वासाची सामूहिक लाट तिथे आली. जगभरची ख्रिस्ती माणसं त्या काळात अशा घटनांना योएल संदेष्ट्याचा शब्द घेऊन वळवाचा पाऊस म्हणू लागली होती.

योएल वाचताना एक क्रम डोळ्यांत भरतो. आधी टोळधाड. कणसं गेली, अंजीर गेले, कोठारं ओस, गुरं हंबरत फिरताहेत. मग देव पाऊस देतो, आगोटीचा आणि वळवाचा. खळी धान्याने भरतात. आणि त्याच्या पुढे, जणू तोच पाऊस आणखी खोल उतरावा तसं, तो म्हणतो की मी मनुष्यमात्रावर आपला आत्मा ओतीन. तुमचे पुत्र आणि तुमच्या कन्या, दास आणि दासीसुद्धा. केडगावला ज्या मुली त्या दिवसांत रडल्या, गायल्या, उभ्या राहून बोलल्या, त्यांत बालविधवा होत्या, दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या होत्या. त्यांचं तोंड दिसणं अपशकुन मानलं जात होतं, त्या बोलत होत्या आणि लोक ऐकत होते. त्या जागृतीबद्दल विद्वानांची मतं निरनिराळी आहेत. मला त्यात योएलचं वाक्य अगदी अक्षरशः दिसतं, कन्या आणि दासी.

इतकं सगळं म्हणून झाल्यावर अवघड गोष्टीकडे यायलाच हवं. पाऊस कृपा असेल तर दुष्काळ काय? आमच्याकडे हा प्रश्न कागदावरचा नाही. २०१२-१३ आणि २०१८-१९ या दोन्ही दुष्काळांत मी चारा छावण्या पाहिल्या. गुराबरोबर माणूसही तिथेच राहायचा, दाव्याला बांधल्यासारखा. अशा एका वर्षी एका बाहेरच्या प्रचारकाने आमच्या भागात येऊन सांगितलं की हा देवाचा कोप आहे, तुमच्या पापांमुळे आभाळ बंद झालंय. समोर बसलेल्या बायका पहाटे टँकरमागे धावून आल्या होत्या. मला तो उपदेश आजही माफ करता येत नाही.

आणि वचनं तर आहेत, ती नाकारून चालणार नाही. मोशे त्याच अकराव्या अध्यायात म्हणतो की मन बहकलं तर आकाश बंद होईल. आमोस संदेष्टा देवाच्या वतीने म्हणतो, मी एका नगरावर पाऊस पाडला आणि दुसऱ्यावर पाडला नाही. पण आमोस ते कुणाला म्हणतो हे बघावं. गरिबांना चिरडून हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांना. एलीया संदेष्टा पाऊस थांबल्याचं सांगतो ते अहाब राजाच्या तोंडावर, ज्याच्या दरबारात पावसाचा आणि वादळाचा देव मानल्या गेलेल्या बआलाची पूजा चालली होती. आणि दुष्काळ कळसाला पोचल्यावर राजा काय शोधत फिरतो? आपल्या घोड्यांना आणि खेचरांना गवत. तिकडे ज्या ओढ्याकाठी एलीया लपलेला असतो तो ओढाही आटतो, कारण देशात पाऊस नाही. संदेष्ट्यालाही वेगळा पाऊस मिळत नाही. देव त्याला पाठवतो ते सीदोनातल्या सारफथ गावी, परक्या मुलखातल्या एका विधवेकडे. ती दोन काटक्या वेचत असते. मूठभर पीठ उरलंय, ते भाजून मुलासोबत खायचं आणि मरायचं, असं ती सरळ सांगते. पाऊस पडेपर्यंत तिच्या मडक्यातलं पीठ सरलं नाही, कुपीतलं तेल आटलं नाही. कृपा त्या तीन वर्षांत आभाळातून आली नाही, मडक्यातून आली, आणि ज्यांना आपण निवडलेले म्हणतो त्यांच्या हद्दीबाहेर आली. येशूने आपल्या गावच्या सभास्थानात हेच आठवून दिलं तेव्हा लोकांनी त्याला कड्यावरून लोटायला नेलं.

म्हणून माझं म्हणणं असं की कृपा कशी असते हे पावसाकडे बघून समजून घ्यावं, पण पाऊस किती पडला यावरून कुणावर कृपा आहे हे ठरवू नये. २०२५च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला. दुष्काळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावांत माणसं घरांच्या छपरांवर बसली होती, आणि पाणी ओसरल्यावर पिकाबरोबर मातीही गेलेली होती. त्या शेतकऱ्यापुढे जाऊन आशीर्वादाची वृष्टी हे शब्द उच्चारायचा अधिकार मला नाही. ईयोबाच्या पुस्तकात देव वादळातून बोलतो तेव्हा विचारतो, जिथे माणूस राहत नाही अशा भूमीवर, ओसाड रानावर पाऊस कोण पाडतो? तिथे गवत कोण उगवतं? म्हणजे पावसाला आपल्या पापपुण्याशी जोडून बसलेल्या माणसाला सांगितलंय की कितीतरी पाऊस तुझ्याविषयी नसतोच. दुःखात असलेल्या माणसाला हे ऐकवणं कठोर वाटेल. मला त्यात सुटका वाटते. बंद आभाळ हा माझ्यावरचा निकाल नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला होती. लाल मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (मदतीचं पौष्टिक अन्न), हे दोन शब्द ती शेवटपर्यंत विसरली नाही. तिच्या टोळीने गावाच्या वरच्या अंगाला एका पाझर तलावाचा भराव टाकला. पाऊस नव्हता म्हणून पोटासाठी केलेलं ते काम, पण पुढे पाऊस आला तेव्हा तोच तलाव खालच्या विहिरींना पाणी देत राहिला. त्या विहिरींपैकी एक, जिच्यापासून तिला लांब बसवलं जायचं तीच होती. याबद्दल ती कधी फुशारकीने बोलली नाही, कडवटपणानेही नाही. पाणी उतारानं जातं, एवढंच म्हणायची.

नगर जिल्ह्याला पाणी अडवण्याचं वेड लागलं त्यात राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारची नावं सगळ्यांना माहीत असतात. फादर हर्मन बाखर यांचं नाव तेवढं घेतलं जात नाही. हे स्विस जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या एका संघाचे धर्मगुरू, आयुष्यातली कितीतरी दशकं त्यांनी या दुष्काळी टापूत काढली. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम त्यांच्या धडपडीतून उभा राहिला आणि १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर त्यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था काढली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारखी उघडी बोडकी गावं त्या कामातून पुन्हा हिरवी झाली. रीत अशी: माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करत यायचं. डोंगराच्या डोक्यावर समपातळी चर, मग बांधबंदिस्ती, मग ओढ्यावर दगडी बांध, शेवटी खाली बंधारे. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, आणि गावाचं श्रमदान. ते झाल्याशिवाय पैसा नाही.

आम्ही प्रॉटेस्टंट. कृपा कर्मांनी मिळत नाही, हे आमच्या हाडात भिनवलेलं असतं, आणि ते मला पूर्ण मान्य आहे. म्हणून श्रमदानाच्या या गोष्टी ऐकून कुणी मला म्हणालं की बघा, शेवटी माणसालाच करावं लागतं, तर मी ते तसं स्वीकारणार नाही. चर खणल्याने पाऊस येत नाही. डोंगरभर चर खणून ठेवले तरी ढगाला त्याचं काही नसतं. दरेवाडीत पाऊस वाढला नव्हता. जो पूर्वीपासून पडत होता, तोच होता. पूर्वी तो माती घेऊन तासाभरात ओढ्याला जायचा. आता तो थांबला, मुरला, महिन्यांनी विहिरीत दिसला. इब्री लोकांस पत्रात एक ओळ आहे, आपल्यावर वारंवार पडणारा पाऊस पिऊन जी भूमी उपयोगी वनस्पती देते तिला देवाचा आशीर्वाद मिळतो. पिणं हे भूमीचं काम आहे. रविवारचा उपदेश ऐकून दारात चपला घालता घालता विसरणारी मी, माझ्यावरून किती पाऊस वाहून गेला असेल. प्रार्थना, उपास, शास्त्रवाचन, आजाऱ्याच्या घरी जाऊन बसणं, हे सगळं मला आता चर खणण्यासारखं वाटतं. त्याने देव माझ्याकडे वळत नाही, तो वळलेलाच आहे.

पण या चर-बांधांच्या बोलण्यात एक बांध राहून जातो, तो शेजाऱ्याचा. पावसाचं ते वचन येशूने कोणत्या आज्ञेला जोडून दिलं? आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा, जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा, म्हणजे तुम्ही आपल्या स्वर्गातल्या पित्याची मुलं व्हाल. पाऊस हा त्याचा दाखला आहे. शेतकऱ्याचा वैरी दूरच्या देशात नसतो, तो बांधापलीकडे असतो. एक फूट बांध कोरला म्हणून तीन पिढ्या कोर्टात उभ्या राहिलेली घरं आमच्या प्रत्येक गावात सापडतील. आणि पाऊस बांधाच्या दोन्ही अंगांना सारखा पडतो. नातेवाइकाने फसवलेलं, सावकाराने लाटलेलं, पोराच्या खुन्याचं, सगळी रानं एकाच सरीत भिजतात. हे बघणं किती कठीण असतं हे ज्याचं रान लाटलं गेलंय त्याला विचारा. कृपेची ही बाजू मला सर्वांत जड जाते. माझ्यावर ती पडली हे मानायला मी तयार असते. त्याच्यावरही पडली, त्याच दिवशी, तितकीच, हे मानायला गुडघे टेकावे लागतात.

माझे चुलते, त्यांना आम्ही नाना म्हणतो, यांचा वरच्या रानवाल्याशी बांधाचा खटला आहे. वरचं पाणी नानांच्या शेतात फुटून माती नेतं, आणि पाणी उतरू दिलं नाही तर वरचं रान उपळतं. आमच्या मंडळीत मृगाच्या सुमाराला एका रविवारी पावसासाठी प्रार्थना असते. पाळकसाहेब मंडळीतल्या एकेकाला मोठ्याने प्रार्थना करायला सांगतात. एका वर्षी नाना उठले आणि नेहमीच्या प्रार्थनेत त्यांनी त्या माणसाचं नाव घेतलं, त्याच्या रानातही वेळेवर पडू दे म्हणून. तो ख्रिस्ती नाही, त्या रविवारी तिथे नव्हताही. पण गावात गोष्ट पोचायला वेळ लागत नाही.

खटला अजून मिटलेला नाही. पण त्या पावसाळ्यात बांधाला दगडी सांडवा बसला, दगड त्याचे आणि मजुरी नानांची. दर मे महिन्यात दोघं मिळून त्यातला गाळ काढतात, कारण वरचं पाणी उतरायला आणि खालच्या रानात जिरायला तेवढी एकच वाट आहे.